दोन तुकडे झालेला बोर्ड

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिरोड्याचा. कोल्ड स्टोरेजच्या कामातून उरलेले थर्माकोलचे स्लॅब एकमेकांना चिकटवून मी घरीच सर्फबोर्ड केला होता. लांबी ७ फूट, रुंदी २१ इंच, मधोमध जाडी पावणेतीन इंच. आत लाकडी पट्टी नाही. वरून इपॉक्सी रेझिन. डेकवर, म्हणजे वरच्या बाजूला, फायबरच्या कापडाचा एकच थर आहे आणि कापड संपलं म्हणून खालच्या बाजूला होडीची मॅट लावली. मेअखेरीस किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटेत सापडून नोजपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, अडीच फुटांवर त्याचे सरळ दोन तुकडे झाले. दोन्ही तुकडे मिळाले, पण पाणी प्यायलेत. आमच्याकडचे फायबरवाले म्हणतात, दोन तासांत पॉलिएस्टर मारून सांधून देतो. मित्र म्हणतो, आत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घाल. बाबा म्हणतात, टाकून दे. मोडायच्या आधीही तो लाट पकडताना पाण्यात नाक खुपसायचा, हेही सांगतो. माझं वजन ६८ किलो. अजून शिकाऊच आहे. काय करू?
— एक वाचक, शिरोडा

उत्तर : टाकू नका. आणि फायबरवाल्यांना या कामापुरतं नको म्हणा.

ते लोक वाईट काम करतात म्हणून नव्हे. माझी स्वतःची शेड मालवणात आहे, होड्यांची फायबरची कामं हाच माझा धंदा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची दुरुस्ती चालते आणि तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसते. पण होडीच्या कामाचं रेझिन पॉलिएस्टर असतं आणि ते पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन घातलेलं असतं. तुमचा थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. स्टायरीन त्याला विरघळवतं. ब्रश फिरवताच तुमच्या डोळ्यांदेखत बोर्डात खड्डा पडत जाईल, आणि मग सांधायला काही उरणार नाही. कॅलिफोर्नियातला बॉब सिमन्स १९४०च्या दशकाच्या शेवटी थर्माकोलसारख्याच फोमचे बोर्ड करायला लागला तेव्हा त्यालाही हीच अडचण आली. म्हणून त्याने फोमवर प्लायवूड आणि कडांना बाल्सा लाकूड चढवलं आणि मग फायबर केलं. तुम्हाला तेवढी यातायात नको, कारण आता इपॉक्सी सहज मिळतं. मात्र या बोर्डाला शेवटपर्यंत इपॉक्सीच.

आधी पाणी काढा. थर्माकोलचे दाणे स्वतः पाणी पीत नाहीत, ते दाण्यांमधल्या फटींत शिरतं आणि तिथे ठाण मांडून बसतं. दोन्ही तुकडे गोड्या पाण्याने धुवा, म्हणजे मीठ जाईल. मग मोडलेली बाजू खाली करून, भिंतीला टेकून, वारा लागेल अशा सावलीत उभे ठेवा. उन्हात नाही. उन्हात कापडाखालची हवा फुगते आणि कातडी फोमपासून सुटते. बॅग मोजायचा लटकता काटा मिळतो, त्यावर दर आठवड्याला वजन करा आणि त्याच तुकड्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा. लागोपाठ दोन आठवडे वजन उतरलं नाही की सुकला समजा. पावसाळ्याच्या दमट हवेत याला महिना-दीड महिनासुद्धा लागेल. घाई करून ओल्या फोमवर रेझिन चढवलं, तर पुढचं सगळं काम पाण्यात.

सुकेपर्यंतच्या दिवसांत एक काम करा. तुटलेल्या कडा उजेडात धरून नीट पाहा. जिथे कापडाचे धागे सुटे होऊन बाहेर आलेत, तिथे कातडी ताणाने फाटली. जिथे कड चुरगळून आत दुमडली आहे, तिथे ती दाबाने मोडली. घरी केलेल्या बोर्डात बहुतेक वेळा डेकची बाजू दाबाने आधी जाते. तिथे तळव्यांचे आणि गुडघ्यांचे खळगे पडलेले असतात, कापड फोमपासून जरासं सुटलेलं असतं, आणि लाटेने बोर्ड वाकवला की तिथेच ते सुरकुततं. तुमच्या डेकवर एकच थर आहे, त्यामुळे मला तोच संशय आहे. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, कडा पाहून ठरवा. कारण जी बाजू आधी गेली, तिथे पुढच्या वेळी जास्त कापड द्यायचं आहे.

इथे मला तुमच्या मित्राच्या पाइपबद्दल बोलायचं आहे, कारण हा सल्ला सगळेच देतात. मोडलं की आत काहीतरी कडक घालावं, असं माणसाला वाटतंच. पण बोर्डाचं बळ आत नसतं, कातडीत असतं. इमारतीचा लोखंडी गर्डर आठवा : भार वरची आणि खालची पट्टी झेलते, मधली पट्टी फक्त त्या दोघींना एकमेकींपासून लांब धरून ठेवते. तुमचा थर्माकोल म्हणजे ती मधली पट्टी. वरचं कापड आणि खालचं कापड यांतलं अंतर दुप्पट केलं, तर बोर्डाचा ताठरपणा साधारण चौपट होतो. फोमच्या पोटात घातलेला आखूड पाइप त्या मानाने फार थोडं काम करतो आणि उलट एक नवा घोटाळा करून ठेवतो. पाइप आहे तिथे बोर्ड एकदम कडक, पाइप संपला की एकदम मऊ. पुढची मोठी लाट नेमकी तिथेच, पाइपच्या टोकाशी, बोर्ड मोडते. लाकडी खुंट्या, बांबू, सळई, सगळ्यांचं तेच. आत काही घालू नका. सगळं रेझिन आणि सगळी मेहनत कातडीवर खर्च करा.

आता तुमची मॅट. ती लावली हेही बोर्ड मोडण्याचं एक कारण असावं. होडीच्या मॅटमध्ये तुकडा-तुकडा धागा एका डिंकाने धरून ठेवलेला असतो आणि तो डिंक स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणूनच बनवलेला असतो. इपॉक्सीत स्टायरीन नाही. त्यामुळे डिंक तसाच राहतो, मॅट नीट भिजत नाही, रेझिन भरपूर पिऊनही आत पांढरट कोरडे ठिपके राहतात. वजन वाढतं, ताकद वाढत नाही. मोडलेल्या जागेपासून मॅटचं टोक पक्कडीत धरून ओढून पाहा. सुटत असेल तर खालची सगळी मॅट सोलून काढा. सोलताना फोमचे दाणे निघून खळगे पडतील. त्याची काळजी नको, आपण तो तळ तसाही पुन्हा घासणार आहोत.

कारण मला तुम्हाला सुचवायचं आहे ते हे : मोडायच्या आधी होता तसाच बोर्ड परत करू नका. तो नाक खुपसत होता. बोर्ड नोजपासून अडीच फुटांवर उघडला आहे, आणि पुढची उचल, ज्याला रॉकर म्हणतात, बदलण्यासाठी याहून चांगली जागा तुम्हाला मागूनही मिळाली नसती. अखंड बोर्डाचं नाक कुणी वर करू शकत नाही. तुमचं होऊ शकतं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बोर्डाच्या इतिहासात मोठे बदल पुष्कळदा जुनाच बोर्ड कापून झाले आहेत. १९३०च्या दशकात होनोलुलूत फ्रॅन हीथ आणि जॉन केली या पोरांचे जड, रुंद शेपटीचे लाकडी बोर्ड उभ्या लाटेवर मागून घसरायचे. केलीने कुऱ्हाड घेऊन एका बोर्डाची शेपटी तासून निमुळती केली आणि बोर्ड लाटेला धरून राहायला लागला. पुढे १९६७-६८च्या सुमारास आखूड बोर्डांची लाट आली, तेव्हा ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत कित्येकांनी आपले नऊ-दहा फुटी बोर्ड सोलले, आतला फोम तासला आणि त्यातून नवे छोटे बोर्ड काढले. परसात, हाती असलेल्या हत्यारांनी. म्हणून मोडलेल्या बोर्डाकडे मी कच्चा माल म्हणून बघते.

तर काम असं. दोन्ही तुकडे सुकले की एकदा नुसतेच जुळवून टेबलावर ठेवा आणि नोजच्या टोकापासून टेलच्या, म्हणजे शेपटीच्या, मध्यापर्यंत सुतळी ताणून डेकवर आणि तळावर मध्यरेषा आखून घ्या. हे कापायच्या आधी. कापल्यानंतर मध्य शोधत बसलात, तर बोर्ड वाकडा होणार हे ठरलेलं. मग चुरगळलेला भाग काढायला दोन्ही बाजूंनी साधारण २ इंच मागे येऊन, मध्यरेषेला काटकोनात, हॅक्सॉच्या पानाने सरळ काप घ्या. मागच्या तुकड्याचा काप अगदी ओळंब्यात. पुढच्या तुकड्याचा मात्र जरा तिरका : तळाशी रेषेवर, आणि डेककडे थोडं जास्त कापायचं. किती जास्त, हा सगळा खेळ आहे. तुमचा पुढचा तुकडा कापल्यावर २८ इंच उरेल आणि त्या जागी जाडी अडीच इंच धरू. नाकाचं टोक १ इंच उचलायचं तर डेकच्या बाजूने फक्त सव्वादोन मिलिमीटर जास्त काढायचे. दीड इंच उचलायचं तर साधारण साडेतीन मिलिमीटर. एवढंच. कापताना जमणार नाही, म्हणून सरळ कापा आणि मग लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून घासत-घासत तिथवर या. प्रत्येक वेळी तुकडे जुळवून, मागच्या तुकड्याच्या तळाला लांब सरळ पट्टी लावून, नाकाचं टोक किती उचललं गेलं ते मोजा. शिकाऊ माणसाला, आपल्याकडच्या पसरट लाटेत, दीड इंचाहून जास्त उचल देऊ नका. नाक फार वर गेलं की ते पुढचं पाणी ढकलत बसतं आणि लाट हातची जाते.

बोर्ड आता ६ फूट ८ इंच होईल. आकारमान ढोबळ हिशेबाने चाळीस लिटरच्या आसपास उरतं. ६८ किलोच्या माणसाला शिकायला ते पुरतं. मधे नवा तुकडा घालून ४ इंच भरून काढायची हौस कुणी सुचवली तरी करू नका, एकाऐवजी दोन सांधे होतील.

चिकटवताना बोर्ड उलटा, तळ वर करून ठेवा. टेबलावर लाकडाचे ठोकळे ठेवून दोन्ही तुकड्यांना ठरवलेल्या उंचीवर आधार द्या आणि मध्यरेषेवर पुन्हा सुतळी ताणा. सुतारकामाचा पांढरा ग्लू चालणार नाही, तो सुकायला हवा लागते आणि दोन फोमच्या मधे हवा नसते. चपलांना लावतात तो रबरी सोल्यूशन तर नकोच, त्यातलं द्रावण थर्माकोल खातं. इपॉक्सीत मायक्रोबलून मिसळा. ही काचेच्या पोकळ गोळ्यांची अगदी हलकी पूड असते, रेझिनच्या दुकानात मिळते. श्रीखंडाइतकं घट्ट झालं की दोन्ही कापांवर पातळ लावा आणि जुळवा. दाबायला शिकंजा लागत नाही. बोर्डाच्या लांबीत दोन-तीन ठिकाणी कागदी टेप ओढून लावला तरी पुरतं. रात्रभर हात लावू नका.

सकाळी सांध्यावर तळाच्या बाजूला एक उंचवटा दिसेल. नाक वर वळवल्यामुळे तिथे कोन तयार होतो. तो घासून दोन्हीकडे फूटभर विरवायचा. बोटांची टोकं नव्हे, पूर्ण तळवा लांबीच्या दिशेने फिरवून पाहा, डोळ्यांना न दिसणारा कोनही तळव्याला कळतो. तळ उघडा आहेच, तर आणखी एक गोष्ट उरकून घ्या, तुम्ही विचारली नसली तरी. घरी केलेल्या बोर्डांच्या कडा बहुतेक टेलपर्यंत गोल असतात. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं आणि बोर्ड मागे ओढला जातो. टेलच्या शेवटच्या फूटभरात तळाची कड टोकदार करा, म्हणजे पाणी तिथून सुटेल. पुढे मात्र कड गोलच ठेवा. टोकदार कड पुढे असली की बोर्ड अडखळतो आणि अंगाला लागतोही.

घासण्याबद्दल एक कळकळीची विनंती. हे काम अंगणात, वाऱ्यावर करू नका. बंद खोलीत, खाली ताडपत्री अंथरून, मास्क लावून करा आणि दाणा न् दाणा गोळा करून पोत्यात भरा. एका बोर्डातून निघालेले पांढरे दाणे वाऱ्याने खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातात, आणि मासा काय, कासव काय, खाद्य समजून गिळतात. तुमच्या शेजारच्या वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. लाटेवर प्रेम करणाऱ्याने ते दाणे समुद्रात सोडावेत हे मला सहन होत नाही.

आता कातडी. जुनं कापड जिथे शाबूत आहे तिथे सांध्याच्या दोन्ही बाजूंनी चार-चार इंच घासून उतरतं करा, शेवटी फोमपाशी ते शून्य जाडीचं व्हायला हवं. दुकानात मॅट नको, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) विणलेलं कापड मागा. सांध्यावर डेकला आणि तळाला तीन-तीन पट्ट्या : पहिली ६ इंच रुंद, दुसरी १०, तिसरी १४. सगळ्या एकाच रुंदीच्या केल्यात तर त्यांच्या कडा एकाच रेषेत येतील आणि पुढची मोड तिथे होईल. पट्ट्या कडांवरून दोन-दोन इंच पलीकडे वळवा. तुमच्या बोर्डात लाकडी पट्टी नाही, म्हणून नोज ते टेल मध्यरेषेवर चार इंची कापडाची एक लांब पट्टी वर आणि एक खाली. त्यावर तळाला अखंड कापडाचा एक थर. डेकला दोन, जुनं कापड चांगलं चिकटलेलं असेल तर एक. सगळं मिळून दोनेक किलो रेझिन-हार्डनर लागेल.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते वजनकाट्यावर मोजा. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर सुकतं, ही आम्हा होडीवाल्यांची सवय इथे घात करते. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि कातडी कायमची लिबलिबीत राहते. एका वेळी थोडंच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, खोल डब्यात ते तापून धूर काढायला लागतं. हातात नायट्रिलचे मोजे हवेतच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर जात नाही. हात थिनरने धुवायचे नाहीत, साबणाने धुवा.

वेळ संध्याकाळची घ्या. सकाळी खोली तापत जाते, फोमच्या फटींतली हवा फुगते आणि ओल्या कापडाखाली बुडबुडे काढते. उन्हं उतरल्यावर हवा आकसते आणि उलट रेझिन आत ओढून घेते. त्याआधी मायक्रोबलूनचं पातळ खिमट करून सगळ्या उघड्या फोमवर प्लास्टिकच्या पट्टीने ओढून घ्या, म्हणजे खळगेही भरतील आणि फोम रेझिन पिणार नाही. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पॉलिश पेपरने घासू नका, नुसता पसरतो. साध्या पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुवा, पुसा, मग घासा, आणि मग वरचा रेझिनचा हात द्या. सगळं झाल्यावर निदान आठवडाभर बोर्ड तसाच राहू द्या. हाताला कडक लागतो म्हणून पाण्यात नेऊ नका.

आणि जून-जुलैत तर कोणताच बोर्ड पाण्यात नेऊ नका. नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र निवायला वेळ लागतो, तोवर तुमचं सुकवणं-घासणं आरामात होईल. ऑक्टोबरात उतरा. बाबांना सांगा, कोल्ड स्टोरेजवाल्यांनी टाकून दिलेलं तुम्ही एकदा उचललं होतं, आता तुम्ही ते पुन्हा टाकणार नाही.

प्रश्न : गोव्यात एका परदेशी पाहुण्याने जाताना भाच्याला जुना बोर्ड दिला. कडेला फुटला आहे. आत थर्माकोल आहे की दुसरं काही, हे कसं ओळखायचं? दुरुस्तीला कोणतं रेझिन?
— एक वाचक, दापोली

उत्तर : फुटलेल्या जागी भिंगातून पाहा. गोल दाणे दिसले तर थर्माकोल. भाकरीच्या पिठासारखा बारीक, एकसंध आणि उन्हाने पिवळसर झालेला फोम असेल तर पॉलियुरेथेन. कंपन्यांचे जुने बोर्ड बहुतेक याचेच असत. एकट्या कॅलिफोर्नियातल्या क्लार्क फोमने जगभर इतके फोम पुरवले की ५ डिसेंबर २००५ रोजी तो कारखाना अचानक बंद झाल्यावर बोर्ड करणाऱ्यांची तारांबळ उडाली. त्यानंतर थर्माकोल-इपॉक्सीचे बोर्ड पुष्कळ वाढले. तरी शंका राहिली तर आतून हरभऱ्याएवढा फोम टोकरून काढा आणि बशीत त्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाका. विरघळून चिकट झाला तर थर्माकोल, तसाच राहिला तर पॉलियुरेथेन. ही परीक्षा बोर्डावर करू नका.

पॉलियुरेथेनला पॉलिएस्टर चालतं, इपॉक्सीही चालतं. थर्माकोलला फक्त इपॉक्सी. पॉलिएस्टर वापरणार असाल तर जीवावरची गोष्ट लक्षात ठेवा : कोबाल्ट (रेझिन लवकर सुकावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. आणि डोळ्यांवर चष्मा. त्या हार्डनरचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो.

प्रश्न : भावाने केलेल्या थर्माकोलच्या बोर्डावर, दुपारी गाडीच्या टपावर ठेवल्यानंतर, डेकला हाताएवढा फुगा आला. दाबला की खाली जातो, सोडला की वर येतो. वरून कापडाचा तुकडा लावला तर बसेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. फुग्याखाली कातडी फोमपासून सुटली आहे, त्यावर लावलेला तुकडा सुटलेल्या कातडीवरच बसेल. फुगा लहान असेल तर दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं एकेक भोक पाडा. एका भोकातून सुईशिवायच्या मोठ्या सिरिंजने इपॉक्सी सोडा, दुसऱ्यातून ते बाहेर यायला लागलं की थांबा. वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वाळूची पिशवी ठेवा, म्हणजे कातडी बोर्डाच्या वळणाप्रमाणे बसेल. हेही काम संध्याकाळीच. फुगा वीतभराहून मोठा असेल, किंवा दाबल्यावर आत दाणे चुरचुरत असतील, तर तेवढी कातडी चौकोनात कापून काढा, सैल दाणे घासून टाका, मायक्रोबलूनने भरा आणि वर दोन थर कापड घाला, दुसरा पहिल्यापेक्षा चारी बाजूंनी दीड इंच मोठा. यापुढे टपावर न्यायचा तर पांढऱ्या चादरीत गुंडाळून, आणि उभ्या गाडीवर दुपारी अजिबात नाही. भावाने बोर्डाला गडद रंग दिला असेल तर तोही काढून पांढरा करा. गडद रंग ऊन शोषतो आणि फुगा पुन्हा येतो.